झोळीतलं वजन

सांगते, पण हळू बोला. पोरगी आत्ताच झोपलीय.

पौष महिना होता. तलासरीच्या वर डोंगराला टेकून आमचा पाडा आणि पाड्याच्या खाली धरणाचं पाणी. थंडी पडली की तिथं लांबची पाखरं उतरतात. यंदा एक बदक आलं, पांढऱ्या गालाचं, पिवळ्या डोळ्याचं. ते पार उत्तरेचं, तिथली तळी गोठून दगड होतात, असं पाखरांचा अभ्यास करायला आलेले साहेब म्हणाले. इकडं असलं बदक त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग त्यांची माणसं बोर्डीला खोली घेऊन राहिली आणि माझा नवरा नविन त्यांच्याबरोबर जाळी लावायला जाऊ लागला. पाखरू धरायचं, पिशवीत घालून काट्याला टांगायचं, वजन लिहायचं, पायात कडी घालून सोडायचं. एवढंच काम.

आमच्या रुचीलाही तसंच टांगायचे. अंगणवाडीत सुषमाताईंचा काटा आढ्याला बांधलेला, आणि पोर ज्याच्या त्याच्या झोळीत. रुची नऊ महिन्यांची, वजन पाच किलो चारशे. तक्त्यावर लाल पट्टीत. दर बुधवारी आणायला सांगितलं होतं.

एका सकाळी साहेबांची पिशवी फाटली. नविननं त्या बदकाला तोलायला दोरीवर वाळणारी रुचीची झोळी उचलून नेली. मला विचारलं नाही. परत आणली तेव्हा आत एक करडं पीस चिकटलेलं होतं. मी ते झटकलं, झोळी धुतली आणि बुधवारी तिच्यातच रुचीला टांगलं.

"पाच अडीचशे," सुषमाताई म्हणाल्या. "अगं, उतरलं की! जुलाब झाले का?"

"नाय ताई. ओकली पण नाय. पोटभर पिते."

"पोटभर पिते आणि जातं कुठं मग?"

संध्याकाळी नविन हसत आला. "ते बदक परत घावलं. दीडशे ग्रॅम वाढलंय. साहेब नुसते नाचायचे बाकी राहिले."

मी चुलीत फुंकर घालत राहिले. दीडशे. सातवीपर्यंत शिकलेय, एवढी वजाबाकी मला येते.

पुढच्या बुधवारी रुची पाच किलो शंभर भरली. बदक आणखी दीडशेनं वाढलं.

साहेब आमच्या दारात चहाला आले. म्हणाले, "लांब उडायच्या आधी चरबी साठवतात वहिनी. आठवड्यात निघेल बघा." मी रुचीला त्यांच्यापुढं धरलं. बरगड्या दिसत होत्या. "अरेरे," ते म्हणाले, "हिला अंडी देत जा." आणि मोबाईलवर बदकाचा फोटो मोठा करून दाखवायला लागले.

निघेल. म्हणजे माझ्या पोरीचे तीनशे ग्रॅम घेऊन ते त्या गोठलेल्या तळ्यावर जाईल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी धरणावर गेले. पाण्यावर धुकं होतं. चिखलाचा वास, आणि कुठंच आवाज नाही, एका पाखराचाही नाही. जाळ्यात ते एकटंच बसलेलं. धडपडत नव्हतं. मी जवळ गेले तर त्यानं मान माझ्याकडं केली, रुची पाळण्यातून करते तशी. उचललं... आणि त्याच्या डोक्याला रुचीच्या टाळूचा वास येत होता.

मी त्याच्या मानेला हात घातला.

"काय करतेस?" मागं नविन उभा होता. "सोड ते."

"सोडू? आन् रुचीचं वजन घेऊन गेलं तर?"

"येडी झालीस काय? मग पिळ मान आन् संपव एकदाचं."

"मारलं... तर तिचं यात हाय ते कुठं जाईल?"

नविननं जाळं नीट केलं, चिखलावरची माझी पावलं पायानं पुसली. मी पाखरू पदराखाली घेऊन घरी आले.

चार दिवस त्यांनी दुर्बिणीतून शोधलं. "गेलं वाटतं," साहेब म्हणाले. "सुखरूप पोचू दे बिचारं." त्यांचे डोळे भरले होते. खरंच भरले होते.

ते आमच्या घरात कोंबड्यांच्या टोपलीखाली आहे. दाणे टाकते, मासळी टाकते, तसंच पडून राहतं. अजून एक दाणा खाल्ला नाही. पण रुचीचं वजन थांबलं. मग हळूहळू चढलं. या बुधवारी सहा दोनशे. सुषमाताईंनी तिच्या नावापुढं लाल खोडून पिवळं केलं, माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता तुम्ही विचाराल, न खाता ते जगतंय कशावर. मी नाही विचारत.

काल शेजारची बारकी आली. कडेवर तिचं पोर, चिमण, सात महिन्यांचा. गेल्या महिन्यात एवढा गुबगुबीत होता की मी त्याला काजळ लावलं होतं. आता मान धरवत नाही.

"तुझी पोर कशी गं सुधरली?" तिनं विचारलं. "काय घालतेस खायला? सांग की, लपवतेस कशाला!"

"अंडी," मी म्हणाले.

"तेवढंच?"

टोपली उचलायला माझा हात गेला नाही. रुची पाळण्यात होती, गाल वर आलेले, मूठ उघडी.

तेवढ्यात टोपलीखालून आवाज आला... चुट, चुट, चुट. तान्ह्या पोरानं दूध ओढावं तसा. बारकीनं चटकन छातीवर हात दाबला. तिचं पोलकं ओलं झालं होतं.

चिमणचं तोंड मिटलेलं होतं.