तुळजाचा उजवा हात

राघोची काठी दुसऱ्यांदा खाली आली तेव्हा डोकं वाचवायला तुळजानं उजवा हात वर केला, आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला... राघोची बायको कमळ तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली. राघो थांबला नाही. तिसरा तडाखा पाठीवर बसला, चौथा खांद्यावर. आई गेली तेव्हा हा भाऊ चार वर्षांचा होता आणि तुळजा बारा. त्याला वाढवण्यापायी तिनं आलेली दोन्ही स्थळं परतवली होती, आणि त्याची खंत तिच्या अंतःकरणाला कधी शिवलीही नव्हती.

"भावकीनं वाळीत टाकलं मला," तो धापा टाकत म्हणाला. "आठ दिसांचं पोर गेलं माजं, तं पुरायला माज्यासंगं एक मानूस आला न्हाय. का? तं राघोची बहीण किरिस्ताव झाली. सांग आक्का, सोडतंस का न्हाय त्यो धरम?"

"न्हाय सोडणार, राघो." तिचा आवाज कापत होता, शब्द कापत नव्हते. "मार, पन सोडाया सांगू नको."

त्यानं तिला केसांना धरून अंगणात ओढत नेलं आणि दार लावून घेतलं.

ही दिघाशी गावातली १९७३ सालची गोष्ट. गावाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात तुळजा झाडलोट करायला लागली, डॉक्टरबाईंच्या हाताखाली बाळंतपणं शिकली, आणि ज्या प्रभूच्या नावानं तिथली माणसं रोग्यांचं रक्त-पू धूत होती त्याच्यावर तिचा जीव जडला. छत्तिसाव्या वर्षी तिनं बाप्तिस्मा घेतला. राघोनं मारलं त्याच आठवड्यात चर्चच्या मंडळीनं तिची निवड केली होती... आफ्रिकेतल्या एका मिशन दवाखान्यात इथून पहिली परिचारिका म्हणून ती जाणार होती. समुद्रापलीकडं जाण्याआधी भावाला सांगावं, त्याचा निरोप घ्यावा, एवढ्यासाठी ती त्या दिवशी घरी आली होती. ते सांगायचं राहूनच गेलं.

दवाखान्यानं कळवल्यावर भिवंडीहून हवालदार आला. तिचा सुजलेला चेहरा बघून तो म्हणाला, "बाई, नाव सांगा. बाकीचं आम्ही बघतो."

"विहिरीवर घसरले," तुळजा म्हणाली. आधीच गावानं टाकलेल्या घरातला कर्ता तुरुंगात गेला तर कमळचं काय होईल, एवढाच विचार तिच्या मनात होता.

हाड वाकडं जुळलं. बोटं मिटेनात, चिमटीत सुई राहीना. मंडळीनं आफ्रिकेला दुसऱ्या बाईला पाठवलं. तिच्यासाठी झालेल्या प्रार्थनेत तुळजा सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' म्हणाली, आणि मग कपडे वाळवायच्या जागेमागं जाऊन डाव्या हातानं उजवा हात छातीशी धरून कितीतरी वेळ हमसून हमसून रडली... गावात यातलं कुणाला काही कळलं नाही. राघोनं तीन वर्षांत तिचं तोंडही पाहिलं नाही.

तीन वर्षांनी गावातला चिंधू आपल्या बायकोला, जानकीला, बैलगाडीतून दवाखान्यात घेऊन आला. दोन दिवस ती बाळंतपणात घरीच अडली होती. डॉक्टरबाई ठाण्याला गेल्या होत्या. भिवंडीला न्यायला गाडी येईपर्यंत जानकी आणि तिच्या पोटातलं मूल, दोघंही गेली. चिंधू शून्य नजरेनं तिचं प्रेत घेऊन गेला आणि दुपार कलताना तीस-चाळीस माणसांसह परत आला. मिशनवाल्यांनी देवाचं पाणी शिंपडून जानकीला मारलं, असं कुणीतरी उठवलं होतं.

पहिल्या दगडानं कौलं फुटली, दुसऱ्यानं औषधाच्या बाटल्या. म्हातारा राखणदार नवशा फाटकात आडवा झाला, तर त्याला लाथांनी तुडवून बाजूला फेकला. आत तीन बाळंतिणी पोरांना पोटाशी धरून खाटांखाली शिरल्या होत्या. जमावानं दार फोडलं तर त्यांचं काय होईल ते तुळजाला दिसत होतं. ती दार उघडून बाहेर आली आणि पाठीमागं ते ओढून घेतलं.

"चिंधू, तुला मी पायजे ना? ही बघ मी. आतल्या बायांना हात लावू नको."

एक दगड तिच्या कपाळावर बसला. डोळ्यांत रक्त उतरलं. त्या लाल पडद्याआडून तिला घोळक्यात राघो दिसला... हातात काठी घेतलेला! चिंधूनं कोयता उचलला. तुळजानं डोळे मिटले.

कोयता लागल्याचा आवाज आला, पण वेदना आली नाही. डोळे उघडले तर मधे शिरलेला राघो तिच्या पायांशी कोसळला होता. मानेपासून खांद्यापर्यंत मांस उघडं पडलं होतं. चिंधू कोयता टाकून मटकन खाली बसला आणि "जानके, जानके" करत कपाळ बडवू लागला. रक्त बघून बाकीचे पांगले.

आरडाओरडा ऐकून कमळ धावत आली. तिनं नि बाळंतिणींनी मिळून राघोला टेबलावर घेतलं. रक्त थांबत नव्हतं.

"आक्का... शिव लौकर," राघो कण्हला. "तुज्या हाताला गुन हाय म्हनतात."

तुळजानं मान हलवली. "माज्याच्यानं न्हाय व्हनार, राघो. कमळ, हात धू. गोधडी शिवतंस ना? मी सांगते तशी सुई घाल."

कमळनं सुई घातली. तुळजा एकेक टाका सांगत होती आणि डाव्या हातानं जखम दाबून धरत होती. राघो तिच्या लोंबत्या उजव्या हाताकडं टक लावून बघत होता.

"हात... असा का गं?"

तुळजा पुढचा टाका सांगू लागली. दारात फुटल्या ओठांनी बसलेल्या नवशाला मात्र राहवेना. "तूच मोडलास तो. त्या हातावर ती आफ्रिकेला जायची होती, तुला ठावं हाय? तुज्यापायी राहिली. आन हवालदाराला तुजं नाव पन सांगितलं न्हाय."

टाके पडताना जो ओरडला नव्हता तो राघो आता लहान पोरासारखा रडू लागला.

"रडू नको," तुळजा म्हणाली. "टाके उसवतील."

महिन्याभरानं, रविवारची उपासना संपली तेव्हा राघो मानेला पट्टी बांधून बाहेर उभा होता. "आक्का, घरी चल," एवढंच म्हणाला. गावात शिरताना भावकीतला मोठा माणूस केसरीनाथ वाटेत आडवा आला.

"राघो, ही उंबरा चढली तं आमचं येनंजानं कायमचं बंद."

"बंद राहूदे, काका. मी माज्या देवाला न्हाय सोडला. पन बहिणीला आता न्हाय सोडत." तो तिच्या पुढं चालू लागला. पाठीमागं दारं धडाधड लागत गेली.

कमळनं भात आणि सुक्या मासळीचं कालवण वाढलं. तुळजानं डोकं लववून मनात प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा राघो थांबलेला होता. त्यानं ताटाला हात लावला नव्हता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

मग त्यानं भात कालवला आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला.