आकडीचं नाव घडाला

एक्स्पोर्ट कंपनीचा तपासनीस ऋषी पहिल्यांदा तेजस्विनीच्या पिंपळवंडीतल्या द्राक्षबागेत शिरला तो चुकून. तपासायचा होता शेजारचा प्लॉट, आणि हा गडी हिच्याच वेलींखाली वाकून घडातले मणी मोजत बसलेला.

"भाऊ, बांध ओलांडलात!" ती म्हणाली. त्याने वर पाहिलं... आणि घोटाळा तिथेच झाला. पुढे कंपनीने हाही प्लॉट त्याच्याकडे दिला. दिला, की त्याने मागून घेतला, देव जाणे.

माणूस देखणा, पण शब्दांची मुळं उकरायची भारी खोड. तिचं डोकं उठायचं. आणि एखादा दिवस तो आला नाही, की जास्तच उठायचं.

आज तर कहर झाला. आहुपे घाटाच्या बाजूला आभाळ भरलेलं. पाऊस पडला तर मणी तडकणार, वर्षाची मेहनत मातीत. क्रेट मांडलेले, झुंबरबाईची तोडणीची टोळी कात्र्या घेऊन उभी. तोडणीच्या कागदावर ऋषीची सही तेवढी हवी होती. आणि साहेब घड न्याहाळत—

"ग्रेप म्हंजी मुळात द्राक्ष न्हाईच. फ्रान्सात घड ओढायची आकडी व्हती, तिचं नाव. रोज आकडी नि घड एका जागी... शेवटी तिचं नाव घडालाच चिकटलं. मग इंग्रजांनी ते द्राक्षाला लावलं."

"चिकटू द्या! साखर किती भरली?"

"अजून एकदा बघतो..."

"तीनदा बघितली!" तिने त्याच्या हातातलं साखरेचं मीटर हिसकावलं, काचेवर मणी पिळला, डोळ्याला लावलं. "अठरा! हवी तेवढी भरलीय. मग सही का न्हाई?"

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "सही केली की... इथलं काम संपतं. उद्यापासनं दुसरा तालुका. तुमी मला लई आवडता. ते बोलायला येतो, नि भलतंच बोलून बसतो."

हसावं की मीटर फेकून मारावं, तिला कळेना.

"या बाया तुमाला काय म्हणत्यात, ठाव हाय?"

"काय?"

झुंबरबाईच पदराआडून म्हणाली, "तेजूचा सायेब! मणी विरळले तवापास्नं."

तो कानापर्यंत लाल झाला.

"नाव कवाच चिकटलंय," तेजस्विनी म्हणाली. "आता सही करा. नि संध्याकाळी घरी या. माझ्या वडलांना आकडीबिकडी सांगू नका... सरळ मागणी घाला!"

त्याने गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. घाईत तारीख राहिली, ती तिनेच टाकली.