दुसरी नोंद

प्रशिक्षण केंद्राच्या भासदालनातला खांब खरा नव्हता, यंत्राने भासवलेला होता, पण शकीला मुजावरने त्यावर हातोडी मारली तेव्हा आवाज मात्र खऱ्यासारखा आला. पोकळ आणि बद्द. खांबाच्या कोपऱ्यालगत वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी भेग गेली होती. आतली सळई गंजून फुगली की काँक्रीट असंच सळईच्या रेषेत फुटतं. वीस वर्षं बांधकामांवर सुपरवायझर म्हणून काढलेल्या बाईला हे समजायला पुस्तक लागत नव्हतं.

"धोकादायक. इमारत रिकामी करावी," ती म्हणाली.

उत्तरं तपासणाऱ्या निर्णययंत्राचा तांबडा दिवा लागला. "उत्तर चूक. भेग किरकोळ. पाच वर्षांनी दुसरी तपासणी."

निवासी इमारत तपासनीसाची परवाना परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. धोक्याच्या प्रश्नांपैकी एक जरी चुकला तरी बाकीचे गुण मोजत नसत. अशाच भेगांपायी शकीला दोनदा नापास झाली होती. या वेळी तिने खांबाच्या मागे पाहिलं. जिन्याखाली मीटरच्या पेट्या होत्या आणि वर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, 'पद्मावती सहनिवास'.

हातोडी तिच्या हातातच राहिली.

सांगलीतली ही इमारत चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी अकराला खाली बसली होती. तळमजल्याच्या गिलाव्याचं काम शकीलाकडे होतं. भेग दिसल्यावर तिने सोसायटीच्या लोकांना दोनदा सांगितलं. सुपरवायझरच्या शब्दावर घर कोण सोडणार? नऊ माणसं गेली. त्यात गिलावा करणारी सुगंधा लोहार होती. शकीला तेव्हा सिमेंट आणायला गेली होती. परवाना मिळवायचं तिने त्याच आठवड्यात ठरवलं.

ती तडक प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख दिगंबर आवटी यांच्या खोलीत गेली. निर्णययंत्र घडवणाऱ्यांपैकी ते एक होते.

"सर, पद्मावतीचा खांब किरकोळ आहे असं तुमचं यंत्र कुणाच्या जिवावर सांगतं?"

"बसा, मुजावरबाई."

"बसत नाही. सांगा."

आवटींनी चष्मा काढला. "यंत्राला आम्ही मत शिकवत नाही, नोंदी देतो. प्रत्येक इमारतीच्या दोन. पहिल्या तपासणीत काय दिसलं, आणि ठरल्या मुदतीनंतर दुसऱ्या तपासणीत ती उभी आहे का. अशी उभी भेग असलेल्या चारशे बारा इमारती आमच्याकडे आहेत. सगळ्या उभ्या. म्हणून भेग किरकोळ."

"आणि पद्मावतीची दुसरी नोंद?"

"तिची फक्त पहिली आहे. प्रश्नांसाठी चित्रं पहिल्या नोंदीतून घेतात."

"दुसरी का नाही?"

आवटींनी चष्मा पुसायला घेतला.

"मी सांगते," शकीला म्हणाली. "पडलेल्या इमारतीत दुसऱ्यांदा तपासायला कोण जाणार? अर्धवट नोंदींचं तुम्ही काय करता?"

"यंत्र त्या गाळून टाकतं."

"अशी भेग असलेल्या किती गाळल्या?"

त्यांनी पडद्यावर शोधलं. "एकशे सहा."

"म्हणजे पडलेल्या सगळ्या बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणायचं, एकही पडली नाही. हे माझ्या आईलाही कळलं असतं, सर. तिला सही करता येत नव्हती."

"हरकत घ्या," आवटी हळूच म्हणाले. "पण ती फक्त परवानाधारकालाच घेता येते."

सुगंधाला मारणारी भेग किरकोळ होती असं आधी लिहून द्यायचं, मगच ती किरकोळ नव्हती असं म्हणायचा हक्क मिळणार होता.

नऊ दिवसांनी तिने पाच खांबांपुढे 'किरकोळ' असं उत्तर दिलं. ती पास झाली.

परवाना मिळताच तिने घेतलेल्या हरकतीचं उत्तर चार दिवसांत आलं. चारशे बारापैकी चारशे बारा वेळा यंत्र बरोबर होतं, हरकत फेटाळण्यात येत होती. शकीलाने कागद फाडला आणि हातोडी घेऊन बाहेर पडली. वर्षभरात तिने चौदा इमारती धोकादायक ठरवल्या. तेरा रिकाम्या करून पाडल्या. चौदाव्या 'शांतिदीप'च्या रहिवाशांनी न्यायालयातून स्थगिती आणली आणि ते तिथेच राहिले.

वर्ष संपल्यावर यंत्राने तिचं मूल्यमापन केलं. पडताळलेले धोक्याचे निर्णय एक, बरोबर शून्य. परवाना निलंबित.

आवटी ती नोटीस घेऊन स्वतः तिच्या घरी आले.

"तेरा इमारती पाडल्या, त्यांची दुसरी तपासणी झाली नाही," ते म्हणाले. "त्या गळाल्या. धोकादायक ठरवलेल्या इमारतीची दुसरी तपासणी पाच वर्षांनी नाही, वर्षअखेरीसच होते. शांतिदीप उभी आहे, तेवढीच मोजली गेली."

"म्हणजे मी बरोबर सांगितलं की इमारत जाते, आणि तिच्याबरोबर माझं बरोबर असणंही जातं."

"हो."

"त्या तेरा इमारतींतली माणसं जिवंत आहेत, ते कुठे मोजता?"

"कुठेच नाही." त्यांनी मान खाली घातली. "एक नियम सांगायला हवा. शांतिदीप पडली तर तिची नोंद अपूर्ण ठरेल. मग तुमच्या नावावर चूक राहणार नाही. परवाना आपोआप परत मिळेल."

असा नियम लिहिणारी माणसं रोज जेवत होती, झोपत होती.

"चहा घेऊन जा, सर," ती म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या.

दुपारी शांतिदीपच्या फाटकात एक टेम्पो उभा राहिला. त्यात चाळीस लोखंडी टेकू होते. सोसायटीचे सचिव गजानन खाडिलकर खाली आले.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात पडेल. बघा, उभी आहे."

"बघितली."

"आणि तुमचा परवानाही गेला म्हणे. आता कुठल्या अधिकाराने आलात?"

"कुठल्याच नाही. तुमच्या मुली शाळेतून कधी येतात?"

"पाचला. का?"

"त्याआधी पहिली रांग लावून होईल. खांबाजवळची तुमची गाडी हलवा."

तिच्या चेहऱ्याकडे पाहून खाडिलकर किल्ली आणायला वर गेले. शकीलाने पहिला टेकू तुळईखाली उभा केला आणि दात आवळून त्याचा आटा फिरवायला लागली.