मक्याची धाटं नेणारा

शेतं जाळल्याच्या धुरामुळे समोरचा डोंगर आठ दिवस दिसला नव्हता. तोंडाला फडकं बांधून मी मक्याच्या रानाकडे निघाले होते आणि वळणावर एका पिकअपवर जवळजवळ आदळलेच. चाक चरात रुतलेलं. चालक मात्र बॉनेटवर बसून चिकट भाताचे गोळे मिरचीच्या चटणीत बुडवून निवांत खात होता.

"ढकलायला कुणी येईल म्हणून थांबलोय," तो म्हणाला.

"आणि नाही आलं तर?"

"तर भात संपेल... मग बघू."

मी हसत गाडी ढकलली. कितीतरी महिन्यांनी हसले होते.

त्याचं नाव इंथोन, डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला. लोक शेतात जाळून टाकतात ती मक्याची धाटं आणि दाणे काढलेली कणसं तो गोळा करायचा. लोखंडी बंद पिंपात, हवा न लागू देता ती भाजली की काळं, ठिसूळ जळण तयार व्हायचं. चुलीत त्याचा धूर जेमतेम व्हायचा. आमचीही धाटं ने, मी म्हटलं. आमच्या घरात काडी ओढायला कुणाचा हातच धजत नव्हता. मागच्या मार्चमध्ये डोंगरावरून उतरलेल्या आगीत बाबा गेले होते. ती कुणी लावली, कधी कळलं नाही.

तो दर दोन दिवसांनी येऊ लागला.

"एवढ्याशा धाटांना किती खेपा?" मी एकदा विचारलं.

"एकीत मावतील. पण..."

"पण काय?"

"गाडी जुनी आहे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

आई त्याचं ताट न विचारता वाढू लागली.

एप्रिलमध्ये आमच्याकडच्या नववर्षाच्या सणाला तो आईच्या हातांवर सुवासिक पाणी घालायला आला. त्या वेळी थोरांकडे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची असते. त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. पाणी सांडलं. तो उठून मागच्या अंगणात गेला, मी त्याच्यामागे.

"बुआखाम, मागच्या वर्षीची ती आग... धाटं जाळायला काडी मी ओढली होती," तो म्हणाला. "वारा नव्हता. नंतर सुटला... तुझे बाबा गेल्याचं कळलं, तेव्हा ही पिंपाची भट्टी सुरू केली."



"म्हणजे माझ्याशी बोलणं, हसणं... तेही सगळं भरपाईसाठीच होतं?"

"नाही. तेवढंच एक माझ्यासाठी होतं."

मी त्याला आईकडे पाठवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. धाटं नेत जा, म्हणाली, पण गाडीबरोबर दुसऱ्या कुणाला पाठव. तो तिच्या पाया पडला आणि माझ्याकडे न बघता गेला.

पुढच्या मार्चला गाडी घेऊन त्याचा थोरला भाऊ आला. मी सगळी धाटं स्वतः भरली. निघताना त्याने विचारलं, इंथोनला काही सांगायचंय का?

आई दारातच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वळवली, पण नको म्हणाली नाही.

"तो वेळेवर जेवतो का," मी म्हटलं, "तेवढं पुढच्या खेपेला मला सांगा."