चार वाणांचं एक पाणी

या मंडळी, असे चुलीजवळ सरकून बसा. हात शेकता शेकता ऐका. गुन्हेगार शोधायला निघालेल्या दोघांची गोष्ट सांगतो. गुन्हेगार सापडतो, एवढं वचन देतो. त्यापुढचं वचन माझ्यानं देववत नाही.

स्लोकन नदीकाठच्या आमच्या वस्तीत, म्हणजे प्रत्येक माणसात देव पाहणाऱ्या दुखोबोर पंथाच्या वस्तीत, फ्योदोर स्टूचनोव्ह म्हणजे प्रार्थनाघराचा खर्ज. स्तोत्र लागलं की त्याचे डोळे भरून यायचे आणि बाकी जगाचा पत्ता नसायचा. त्याची मावसबहीण लूशा माकोर्तोव्ह पोलिसातून बाहेर पडून खासगी तपास करायची. गाडी फ्योदोर चालवायचा, डोकं लूशा.

त्या सोमवारी लूशाच्या दारात निकोलाय पेरेपोल्किन उभा राहिला. लाकूडगिरणीत हाडं झिजवलेला म्हातारा.

"माझी झाडं कुणीतरी मारली," तो म्हणाला. "अन्यूताचं औषध होतं ते."

अन्यूता त्याची बायको. कर्करोग हाडांत उतरलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. मॉर्फीननं तिला भलतेसलते भास व्हायचे, दुकानातल्या गांजानं उलट्या. गुण आला तो एकाच वाणाचा. तिची मैत्रीण दून्या मरण्यापूर्वी त्याचं कलम देऊन गेली होती. ते वाण दुसरीकडे कुठं नव्हतं. इथल्या कायद्यानं घरात चार झाडं चालतात, म्हणून निकोलायनं तळघरात एकाच टबात चार वाणं लावली. दून्याचं दुखण्यासाठी, एक झोपेसाठी, एक भुकेसाठी, आणि चौथं दांडगं, निव्वळ हौसेचं. माती नाहीच. टबाच्या झाकणाला भोकं, भोकांत जाळीच्या कुंड्या, खाली खताचं पाणी आणि त्यात बुडबुडे सोडणारा पंप.

दोघं तळघरात उतरली तेव्हा चारही झाडं कडांपासून भाजल्यासारखी दिसत होती. दून्याचं तर हात लावताच चुरलं. औषध निघतं तो फुलोरा अजून कोवळा, निरुपयोगी होता. वरून अन्यूताचं कण्हणं ऐकू येत होतं.

"मागच्या काढणीतलं काही?" लूशानं विचारलं.

"बरणीच्या तळाशी चिमूटभर."

लूशानं झाकण उचलून मुळं पाहिली. तपकिरी, मेलेली. पंप मात्र इमानानं चालू होता. तिनं निकोलायला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तो शनिवारी टबातलं पाणी बदलायचा आणि त्यात विरघळलेल्या खताची ताकद मीटरनं मोजायचा. शनिवारी आकडा बरोबर, सोमवारी चढलेला. कित्येक आठवडे हेच. दांडगं वाण पाणी पिऊन टाकतं आणि खत मागं ठेवतं, असं त्यानं धरलं. चार तोंडांना एकच ताट वाढल्यावर दुसरं काय होणार? म्हणून त्यानं खत कमी केलं, मग आणखी कमी. आकडा चढायचा तो चढतच राहिला.

"आणि पाणी किती घटायचं?"

टबावर पेन्सिलीची खूण होती. निकोलाय वाकून पाहू लागला. घटलेलं नव्हतं. उलट खुणेच्या बोटभर वर होतं.

"बुडबुड्यांनी फुगलं असेल," फ्योदोर म्हणाला.

लूशानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो जिन्याच्या पायऱ्या निरखायला लागला.

तळघराची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असायची. ते तिघांना ठाऊक होतं: शेजारचा टिलट्सन, पुतण्या लारियन आणि अन्यूताची थोरली बहीण माव्रा, तिच्या सेवेसाठी याच घरात राहिलेली.

टिलट्सन कुंपणापाशीच भेटला. वासाबद्दल त्यानं दोनदा तक्रार केली होती, आणि ते तो छाती काढून सांगत होता. "चोरून घुसायचं असतं, तर एवढा आरडाओरडा केला असता का?" परका माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता. फक्त रविवारी सकाळी, निकोलाय प्रार्थनेला गेला की, तळघराच्या खिडकीतून बाईचा आवाज यायचा. तुमच्या लोकांचंच काहीतरी, न संपणारं. त्यानं ते बेसूर गुणगुणून दाखवलं.

फ्योदोर विरघळला. भाकर, मीठ आणि पाणी मेजावर मांडून त्यापुढं उभं राहून म्हणतात तेच हे स्तोत्र. गाडीत बसल्यावरही तो थांबेना. माव्राचा वरचा सूर म्हणजे काय सूर, बहीण अंथरुणाला खिळल्यापासून ती घरीच मेज मांडते, तिच्या आईच्या घरात मेजावरचं काही मोरीत ओतलेलं चालत नसे, अशी जुनी माणसं आता कुठं उरलीत. लूशा गप्प ऐकत होती. एवढा वेळ ती त्याचं कधी ऐकत नसे, पण हेही फ्योदोरच्या ध्यानात आलं नाही.

लारियन वरच्या पठारावर परवाना काढून गांजा पिकवायचा. दून्याचं कलम त्यानं काकाकडे तीनतीनदा मागितलं होतं. वाण घराबाहेर जाणार नाही, असा शब्द दून्याला दिलेला. काकानं हाकलून लावलं.

"माझ्यावर संशय?" तो कडवट हसला. "अगं, जे मला हवं होतं ते मी मारीन? एक फांदी दिली असती म्हाताऱ्यानं, तर आज माझ्या शेडमध्ये ते वाण जिवंत असतं."

दोघं निकोलायच्या घरी परत आली तेव्हा माव्रानं बोर्श्टच्या सुपाचं पातेलं चुलीवरून उतरवलं होतं. जेवल्याशिवाय बोलायचं नाही, असा तिचा हुकूम. पहिल्याच चमच्याला फ्योदोरचं तोंड वाकडं झालं.

"मावशी, मीठ विसरलात."

"अन्यूताच्या पायाला सूज आहे. डॉक्टरनं तिला बंद केलंय, मग मीही सोडलं. निकोलायही मुकाट खातो. तू एक दिवस खाल्लंस तर मरणार नाहीस."

लूशानं विचारलं, या झाडांना तुम्ही सैतानाची शेती म्हणायचात ना?

"म्हणायचे. मग अन्यूताला रात्रभर शांत झोपलेली पाहिली." माव्रानं हात पुसले. "माझ्या हातून त्यांचं वाईट व्हायचं नाही, बाई. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करते."

दोघं उठली, तशी ती फ्योदोरला म्हणाली की पुढच्या खेपेला मिठाची पिशवी घेऊन ये. डबा पुन्हा रिकामा झालाय. त्यानं विसरू नये म्हणून रुमालाला गाठ मारली.

लूशा दाराकडे न जाता तळघराकडे वळली. निकोलायला तिनं हाक मारली, लारियनलाही बोलावून घेतलं. मग टबात बोट बुडवून फ्योदोरला म्हणाली, "चाख."

"खारट," फ्योदोर म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला आपल्या रुमालाची गाठ जड झाली.

लूशा हळू बोलत होती. दांडग्या वाणानं पाणी प्यायलं असतं तर पातळी उतरली असती. ती चढली, म्हणजे कुणीतरी ओतत होतं, आणि नुसतं पाणी ओतल्यानं मीटर चढत नाही; मिठानं चढतो, त्याला खत आणि मीठ सारखंच. शनिवार नि सोमवार यांच्यामध्ये रविवार येतो. त्या सकाळी निकोलाय घरी नसतो, आणि खाली मेजावरचं स्तोत्र ऐकू येतं. या घरात कुणी मीठ खात नाही, तरी डबा संपतो. मेजावरचं मोरीत ओतायचं नाही. मग ते जातं कुठं?

"माव्रा," निकोलाय म्हणाला. त्याच्या मुठी वळल्या. "पहिल्यापासून तिच्या डोळ्यांत खुपत होती माझी झाडं."

"खुपत असती तर एकदाच ओतून मोकळी झाली असती, काका. दर रविवारी, गात गात, कोण मारतं? तिनं मेजावरचं मीठपाणी त्यांना दिलं, आजाऱ्याला द्यावं तसं. झाडं कोमेजली, तसा वाडगा मोठा केला. आणि खत वाढतंय असं समजून तुम्ही त्यांचं जेवण तोडत गेलात."

निकोलायनं लारियनकडे पाहिलं. लारियननं एकेक फांदी नखानं खरवडली. कुठंच हिरवं लागलं नाही. त्यानं मान हलवली.

जिन्यावर माव्रा उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"घरात त्याहून चांगलं काही नव्हतं रे, निकोलाय," ती म्हणाली. "असतं तर तेच दिलं असतं."

 मग निकोलायच्या मुठी सुटल्या. प्रार्थनाघरात समोरच्यातल्या देवाला आपण वाकतो, तसा तो कमरेतून वाकला, कपाळ खालच्या पायरीला टेकेपर्यंत. रीत अशी की समोरच्यानंही वाकायचं. माव्राला ते जमलं नाही. ती कठडा धरून उभीच राहिली.

बरणीतली चिमूट दोन दिवस पुरली. अन्यूता त्यानंतर बर्फ वितळेपर्यंत जगली, आणि कशी जगली ते शेजारच्या टिलट्सननंही ऐकलं. त्यानं मग वासाचं नाव काढलं नाही. खरं काय झालं ते अन्यूताला कुणी सांगितलं नाही. माव्रा रात्रंदिवस तिचा हात धरून बसायची. गा ना गं, असं अन्यूता म्हणायची. माव्राच्या तोंडून सूर फुटला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फ्योदोर अजून खर्ज लावतो आणि वरच्या सुराची वाट पाहतो.

अन्यूताला आठवायला नवरा आहे, लेकी आहेत. माव्राला मागंपुढं कुणी नाही. म्हणून मंडळी, तुम्हाला एवढंच मागतो: प्रार्थनेला उभे राहाल, तेव्हा माव्राचं नाव एकदा घ्या.