दोन वाजून सात मिनिटांचा जॉब

पटो न पटो, हे घडलेलं आहे. यंदाच्या सतरा जूनला, ऐन दुपारी, अड्याळला माझ्या मावसभावाच्या घरी.

संघपाल एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे सगळ्या पॉलिसी सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकावर, किती भार पडतो ते घरबसल्या मोजतो. पुढच्या वर्षाचा अंदाजही तोच बांधतो. साहेबांनी बजावलं होतं, भार दहा टक्के उतरव, नाहीतर नोकरी गेली समज. घरात कमावता तो एकटाच. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नऊ टक्के सापडले. शेवटचा एक कुठे जातो, ते कळेना.

स्वस्तातली देखरेख ती. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, मधलं सगळं अंधारात. त्या दुपारी त्याने दर मिनिटाला नोंद लावली.

दोन वाजता लाईट गेली. कूलर थांबला, लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू राहिला. बाहेरची पाखरंही गप्प झाली...

दोन वाजून सात मिनिटं...

एक जॉब, म्हणजे संगणकाला नेमून दिलेलं काम, आपोआप सुरू झाला. चालवणाऱ्याचं नाव, मधुकरराव.

मधुकरराव म्हणजे त्याला हे काम शिकवणारे शहापूरचे सर. गेल्या दिवाळीत वारले. संघपालने खांदा दिला होता.

त्याने ऑफिसातल्या खुशबूला फोन लावला.

"सरांचा आयडी चालू आहे का?"

"काहून मस्करी करून राहिला? मीच बंद केला ना."

फोनवर कुणीतरी खाकरलं...

"तुह्याजवळ कोण आहे?"

"कोणीच नाही. मले वाटलं, तूच खाकरला."

त्याने त्या जॉबची फाईल उघडली. कोण किती भार टाकणार, त्याचा महिनावार अंदाज होता. तारीख गेल्या वर्षीच्या एप्रिलची, सर ठणठणीत असतानाची.

सरांच्या नावापुढे दिवाळीपासून शून्य.

संघपालच्या नावापुढे...

यंदाच्या ऑगस्टपासून शून्य.

"नोकरी जाईल जी, दुसरं काय," त्याची बायको रिता म्हणाली. "जाऊ द्या." त्या शून्याचा अर्थ तेवढाच निघो, असंच तिने मनात मागितलं असेल.

संघपालने तो जॉब कायमचा काढला. दहा टक्के बरोबर भरले.

काल साहेबांचा फोन आला. अहवाल मंजूर, नोकरी दोन वर्षं पक्की.

"मग ते ऑगस्टचं शून्य कशाचं जी?" रिताने विचारलं.

आज तीस जुलै. मी त्यांच्याच घरी मुक्कामाला आलोय. तो आत काम करतोय, आणि मी उगाच दर थोड्या वेळाने त्याला हाक मारतोय.