उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर

आभाळ भरलेलं आणि या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर काळा गॉगल. मला वाटलं, शायनिंग मारतोय. मुरबाडहून शहापूरला जाणारी जीप, पुढची सीट तेवढी रिकामी, म्हणून त्याच्या बाजूला बसले. मग दिसलं... गिअर टाकला की त्याचा हात आधी डाव्या कानशिलाकडे जायचा. अंगठ्याने शीर दाबायचा, सोडायचा. ती खूण मी झोपेतही ओळखली असती. माझंही डावंच दुखायचं.

मी तेव्हा डोकेदुखीच्या सर्व्हेला होते. देशात किती लोकांचं डोकं दुखतं ते मोजायचं होतं म्हणे, आणि आमच्या तालुक्यातले पाडे माझ्या वाट्याला. बायका हसायच्या. "डोका तं सगल्यांचाच दुखतो गो, त्यात इचारायचा काय?" शेवटी विचारायचं, त्यापायी किती दिवस काम बुडालं? सगळ्या सांगायच्या, एकपन नाय. कपाळाला फडकं आवळून भात कापणाऱ्या बाईचं काम बुडतंय कुठे? मी शून्य लिहायचे. ते वाचून वरचे साहेब म्हणणार, बायका ठणठणीत आहेत. थू असल्या शून्यावर.

"तुमचं डोकं दुखतं?" मी त्याला विचारलं.

"नाय. का, मॅडम दाबून देनार?"

"नुसतं विचारते."

"मंग लगीन झालंय का ते पन इचारा."

"ते आमच्यात विचारत नाहीत."

"मंग कसला सर्व्हे... मेन तेच सोडलं."

त्याचं नाव भगीरथ, शेणव्याच्या वरच्या पाड्यातला. जीप मालकाची, हा नुसता ड्रायव्हर. मी रविना, सापगावची. पुढे पुढे ती सीट माझीच झाली. तो बॅग ठेवून अडवायचा, कोणी बसायला आलं की म्हणायचा, "सरकारी मानूस येनारय."

एका दुपारी ऊन काचेवर नुसतं पेटलं होतं. मी तोंड फिरवून डोळे मिटले, तर मांडीवर काहीतरी पडलं. त्याचा गॉगल.

"आज तुझी बारी," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. मग हळूच, "केसाखाली तो डाग... बिब्ब्याचा ना?"

मी केस पुढे ओढले. "डोकं दुखायचं म्हणून आईने दिला. शाळेत होते."

"माना सळईचा दिला." त्याने कानामागे बोट नेलं. "डाग ऱ्हायला, दुखना पन ऱ्हायला."

दोघं हसलो. हसलो की आणखी ठणकायचं, तरी हसलो. मग तो म्हणाला, "तुझ्या डोल्यासमोर करवतीचे दात येतात का गो... चमकनारे? माझ्या येतात. अर्धा रस्ता गायब होतो."

माझं हसू गेलं. "आणि तेव्हा गाडी?"

"चालवतो. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर."

"माणसं बसतात तुझ्या मागे. मालकाला सांग."

"सांगितला का चावी गेली. तू सांगितलास, बघायला आलेल्या पावन्यांना?"

नव्हतं सांगितलं. आईने शपथ घातली होती. डोकं दुखणारी सून कोणाला नको. आणि ते स्थळ आमच्या कमळाकरकाकांनी आणलं होतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. जीप खच्चून भरली होती, पोरं टपाच्या शिडीला लटकलेली. नेमके कमळाकरकाका माझ्या मागे. शेणवा सोडलं आणि भगीरथची मान तिरकी झाली. अर्धं जग हरवलं की माणूस अशीच मान करतो. समोरून आलेली मोटरसायकल त्याला दिसलीच नाही. चाटून गेली.

"थांबव," मी म्हटलं.

"पूल पार होऊ दे."

"भगीरथ... मला तू हवास. मेलेला नको. थांबव."

किती दिवस घशात अडकलेलं, असं भर गाडीत बाहेर पडलं. त्याने जीप बांधाला लावली.

"काय झाला रे?" मागून ओरडा.

"माना दिसत नाय," तो म्हणाला. "डोका..."

"डोक्यासाठी गाडी थांबवतात का?" कमळाकरकाका म्हणाले. "डोका कोनाचा दुखत नाय? बायकांचे नखरे हे."

मी मागे वळले. "काका, माझंही दुखतं. तीन-तीन दिवस उठत नाही मी, ओकते. तुमच्या पाहुण्यांना सांगा. आणि आता पुलावरून चालत जा, जिवंत आहात तोवर."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. माणसं उतरली, शिव्या देत चालू लागली. भाडं कोणी दिलं नाही. कोणीतरी तिथूनच मालकाला फोन लावला.

भगीरथ मागच्या बाकावर आडवा झाला. मी खिडकीला ओढणी धरून उभी राहिले, त्याच्या तोंडावर सावली पडावी म्हणून.

"चावी गेली," तो डोळे मिटून म्हणाला. "तुझा स्थळ पन."

"गेलं."

"तुमच्या घरी माना उभा पन करनार नाय."

"नाही करणार."

त्याने माझं मनगट चाचपडत पकडलं. "रविना... आपली पोरा झाली तं? दोघांचा डोका असला... त्यांचा पन दुखनार."

"दुखेल," मी म्हटलं. "तेव्हा दार लावून अंधार करू आणि कामाला उठवणार नाही. कोणी आलं तर सांगू, पोर आजारी आहे."